ट्रंपेटदादाच्या हिरड्या

"वाद्य म्हणजे घरातलं लेकरू, त्याला उष्टं ठेवायचं नाही," असं ट्रंपेटदादा सारखं म्हणायचा. कार्यक्रम संपला की आमचा बँड चहाकडे धावायचा, आणि हा नळाशी बसून माउथपीस धुवायचा. कोमट पाणी, बारका ब्रश, मग मऊ फडकं. ओठांना लावायचा तो पितळी तुकडा दागिन्यासारखा लखलखायचा.

त्याचा दातांचा ब्रश मात्र मोरीत कोरडा पडून होता. चाळिशीत एकदा घासताना हिरड्यांतून रक्त आलं. ओठ आणि दात हेच वाजवणाऱ्याचं भांडवल, तो घाबरला. ब्रशानं हिरड्या सोलल्या असं मनाशी ठरवून त्यानं ब्रश सोडला. मग सकाळी बोटानं पावडर फिरवायची, चार चुळा भरायच्या. रात्री तेही नाही.

वहिनी म्हणायची, "अहो, पिपाणीला रोज अंघोळ आणि तोंड पारोसं?"

"पिपाणी म्हणू नकोस. ट्रंपेट आहे ते."

"असेल. पण मला खिडकी उघडून बोलावं लागतं तुमच्याशी."

मी त्याच्या शेजारी बावीस वर्षं ढोल वाजवला. एकदा तालमीत माउथपीसवर लाल रेघ दिसली. मी म्हणालो, "दादा, लिपस्टिक कुणाची?" सगळे हसले, तोही हसला आणि रेघ पुसून मोकळा झाला. त्या दिवशी त्याला दवाखान्यात नेणं माझ्या हातात होतं. मी विनोद केला.

दुखत काहीच नव्हतं, तिथंच घात झाला. हिरड्या मागे सरकत गेल्या, दात लांब दिसू लागले, आणि एका सकाळी पुढचा दात जिभेच्या धक्क्यानं हलला. तेव्हा कुठे आम्ही दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"रक्त येत होतं तेव्हा काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"घासणं सोडलं. जखमेवर कशाला घासायचं?"

बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "दातांच्या कडेला मळ साठला की हिरडी सुजते, रक्त येतं. मऊ ब्रशानं, हलक्या हातानं, सकाळी आणि झोपताना घासत राहिला असतात तर बहुतेक पंधरवड्यात थांबलं असतं. नसतं थांबलं, तर माझ्याकडे यायचं होतं."

"आणि आता?"

"मागचे वाचवू. पुढचे चार काढावे लागतील."

"उलटं करा की, बाई," दादा म्हणाला. "मागच्यांवर मी वाजवत नाही."

कवळी बसली. जेवायला ती चांगली होती. दोन महिने घरी फुंकून पाहून दादा तालमीला आला. वरचा सूर धरताना कवळी सरकली, ट्रंपेटातून नुसती हवा आली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बँडमास्तरांनी हात खाली घेतला आणि मान वळवली.

दादानं ट्रंपेट पेटीत ठेवलं आणि पेटी मागच्या रांगेतल्या मुलीपुढे धरली. ती बँडमधलं दुसरं ट्रंपेट वाजवायची.

"रात्री दात घासून झोपतेस ना?"

"कधी कधी, काका."

"रोज घास. रक्त आलं तर घासणं सोडू नकोस, डॉक्टरला जाऊन दाखव."

तो जिना उतरला. खाली रस्त्यावर आल्यावर रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. एकदा ते खिशात घातले, एकदा पाठीमागे बांधले, आणि तसाच वळणापर्यंत चालत गेला. वरच्या खिडकीतून मी बघत होतो, आणि माझ्या शेजारी ती मुलगी, पेटी पोटाशी धरून.