दगडाबाईच्या पदराचा गूळ

पूर्णा जंक्शनच्या रेल्वे चाळीत कुणा बाईच्या अंगात देवी आली, की बाकीच्या बाया हळदी-कुंकू आणायला धावत आणि दगडाबाई पदराची गाठ सोडायला लागे. त्या गाठीत गुळाचा खडा असे. घुमणाऱ्या बाईच्या तोंडाशी तो नेऊन ती म्हणे, "आधी एवढं खा माय, मग बोल." नवरात्रात देवीला उपास असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकीनं तर भर आरतीत तिच्या हातावर फटका मारला, खडा घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला. दगडाबाईनं तो उचलला नाही. पदरात दुसरा होता.

लेक गेल्यापासून बाई जरा सरकलीय, असं लोक म्हणत. लोकांच्या जिभेला काय हाड असतं? मला विचाराल तर त्या चाळीत शहाणी ती एकटीच होती. फक्त ते शहाणपण तिच्याकडे उशिरा आलं होतं, दोन तासांनी उशिरा.

ती पेडगावची. तिच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईबापांनी हिचं नाव दगडा ठेवलं. यमाला वाटावं, दगडच तर आहे, कशाला उचला! लग्न होऊन ती पूर्णेला आली. नवरा मुंजाजी रेल्वेत सांधेवाला, म्हणजे येणारी गाडी कुठल्या रुळावर घ्यायची त्याप्रमाणे सांधा बदलणारा. बरीच वर्षं घर रिकामं राहिलं आणि मग एकच लेक झाली. तिच्या वेळी मात्र दगडाबाईनं यमाची भीड धरली नाही, चांगलं हौसेनं दैवशाला नाव ठेवलं.

१९५३च्या उन्हाळ्यात दैवशाला तेरा वर्षांची होती आणि वाळत चालली होती. दोन माणसांचं जेवायची, रांजण रिकामा करायची आणि तरी दिवसागणिक फासळ्या वर यायच्या. "ऊन लय हाय औंदा," मुंजाजी म्हणायचा. पण पोर मोरीतून उठली की मागे तिथं मुंग्यांची रांग लागते, हे आईनं पाहिलं होतं. स्टेशनजवळच्या डॉक्टर दिनकररावांना तिनं ते मान खाली घालून सांगितलं. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात पोरीच्या लघवीचे चार थेंब टाकून दिव्यावर उकळलं. निळ्याचं विटेसारखं लाल झालं.

"मुंजाजी," डॉक्टर म्हणाले, "जठराच्या मागं एक ग्रंथी असते. ती रक्तात एक रस सोडते. तो रस म्हणजे तुझ्यासारखा सांधेवाला बघ. खाल्लेल्याची साखर होऊन रक्तात येते, रस सांधा बदलतो, मग ती साखर अंगाला लागते. हिच्या ग्रंथीनं काम टाकलंय. साखर नुसतीच रक्तात फिरते आणि लघवीवाटे निघून जाते. भरल्या ताटावर बसून पोर उपाशी आहे."

"मग दुसरा सांधेवाला नेमा की, साहेब," मुंजाजी म्हणाला.

"तोच नेमायचाय. रोज सुईनं, जन्मभर."

ते औषध इन्शुलिन. सिकंदराबादेहून ओळखीचा गार्ड गाडीनं कुपी आणायचा. दगडाबाई ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवायची आणि माठाच्या भोवतीची वाळू रोज भिजवायची. तिला अक्षरओळख नव्हती, म्हणून डॉक्टरांनी पिचकारीच्या नळीवर लाल दोरा बांधून दिला. औषध दोऱ्यापर्यंत घ्यायचं. घरी लघवी तपासायला दिलेल्या दुसऱ्या नळीतले रंग मात्र ती पंडितासारखे वाचायची. लाल आला की कपाळाला हात लावायची, निळा राहिला की दिवसभर गुणगुणायची. पहिल्या वेळी तिनं तीनदा सुई टेकवून मागे घेतली, तेव्हा लेकच म्हणाली, "माय, भेऊ नको गं, तू डोळे झाक, मी धरते." तीन महिन्यांत पोरीच्या गालावर मांस आलं. तीन वर्षांत ती उंचीनं आईच्या डोक्याला लागली.

डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. सुई दिली की पोटात अन्न गेलंच पाहिजे. नाहीतर रक्तातली साखर संपते, घाम सुटतो, अंग थरथरतं, माणूस बरळतं. तसं झालं की विचार करत बसायचं नाही, तोंडात गूळ घालायचा. एकदा विहिरीवर तसं झालंही होतं. दगडाबाईनं शेजारणीकडून साखर आणून भरवली, घटकाभरात पोर उठून हसायला लागली. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.

सोळाव्या वर्षी दैवशालेला एक गोष्ट खुपायला लागली. चाळीतल्या साऱ्या पोरी उपास धरायच्या, हिला बंदी. "तुझं बाई बरं, देव बी तुला माफ करतो," असं पोरी चिडवायच्या. ती हसण्यावारी न्यायची आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसायची. नवरात्रात घट बसायचा शेजारच्या छबूबाईकडे. छबूबाई मनानं वाईट नव्हती हो. दैवशाला तिच्या मांडीवरच वाढली होती.

१९५६ची अष्टमी. मराठवाडा मुंबई राज्यात जायला तीन आठवडे उरले होते आणि स्टेशनावर सगळी चर्चा त्याचीच. त्या सकाळी दगडाबाईनं नळी उकळली तर रंग स्वच्छ निळा. तिला वाटलं, आई पावली. तिनं दोऱ्यापर्यंत औषध भरलं, सुई दिली, पोरीपुढं भाकरी आणि दोडक्याची भाजी ठेवली.

"तू जा पाण्याला. मी खाते," दैवशाला म्हणाली.

दुपारी छबूबाईच्या घरी आरती सुरू झाली. संबळ वाजत होता, धुपानं डोळे चुरचुरत होते. आणि दैवशाला थरथरायला लागली. घामानं चोळी भिजली, अंबाडा सुटला, नजर कुठंच ठरेना, ओठांतून काहीतरी पुटपुटणं चाललं.

"आली! आई आली!" बाया ओरडल्या. छबूबाईनं तिच्या कपाळभर मळवट भरला.

दगडाबाईला विहीर आठवली. होय, आठवली! घटापुढच्या ताटात गूळ होता, हातभर अंतरावर. तिनं हात घातलाही. छबूबाईनं मनगट धरलं.

"काय करायलीस? आईला उपास हाय. तोंडात काय कोंबतीस?"

"छबूबाई, लेकरू सकाळी सुई—"

"आगं, देवी आलीय तुज्या घरला, आन् तू सुई काढायलीस? माग काय मागायचं ते!"

आणि दगडाबाईनं हात मागे घेतला. पोर जेवलीय, सकाळी रंग निळा होता, मग ही देवीच, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तिला तसंच हवं होतं. तीन वर्षं सुया टोचून थकलेल्या आईला देवी दारात आलेली हवी होती. तिनं पदर पसरला.

"आई, माज्या लेकराची सुई सुटंल का गं?"

दैवशालेचे ओठ हलले. "सुटंल," ती म्हणाली आणि खाली कोसळली.

बायांनी जयजयकार केला. आई थकून गेली, निजू द्या, म्हणून तिला घोंगडीवर निजवलं. दगडाबाई पंख्यानं वारा घालत बसली, तोंडावर समाधान मावत नव्हतं. दोन तासांनी मुंजाजी ड्यूटीवरून आला. त्यानं लेकीचा हात धरला, तो गार होता. तसाच उचलून तो रुळांवरून दवाखान्यात धावला. डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली, पुन्हा दिली. दिवेलागणीला दैवशाला गेली.

"ते देवीचं थरथरणं नव्हतं," डॉक्टर दिनकरराव म्हणाले. "मूत्रपिंडाच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. साखर संपत आली की त्या धोक्याचा भोंगा वाजवतात. घाम, कापरं, सगळं त्यांच्या रसाचं. पोरीचं अंग साखर मागत होतं, बाई."

"माज्याकडंच मागत होतं," दगडाबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फडताळात झाकलेली भाकरी सापडली, दोडक्याची भाजी तिच्यावर सुकून गेलेली. पोरीनं आयुष्यातला पहिला उपास धरला होता आणि संध्याकाळी सोडायला शिळं जपून ठेवलं होतं. माठात अर्धी कुपी उरली होती. दगडाबाई महिनाभर त्या माठाची वाळू भिजवत राहिली आणि मुंजाजीनं तिला अडवलं नाही.

छबूबाईला तिनं कधी बोल लावला नाही. हात आपला होता, आपणच मागे घेतला, एवढंच ती म्हणे. पण छबूबाई तिची सावली टाळायला लागली. नळावर दगडाबाई दिसली की रिकामी घागर घेऊन परत जायची. असं तीन वर्षं चाललं. गुळाचा खडा घेऊन दगडाबाई साऱ्या चाळीत फिरली, छबूबाईचा उंबरा तेवढा तिनं ओलांडला नाही.

१९५९च्या अष्टमीला छबूबाईच्याच अंगात आलं. संबळाचा आवाज भिंतीपलीकडून आला तशी दगडाबाई उठली आणि आत गेली. बाया आपोआप बाजूला झाल्या. छबूबाई केस मोकळे सोडून घुमत होती, आठ दिवसांची उपाशी. दगडाबाईनं गाठ सोडली, खडा पुढं केला.

"आधी एवढं खा, माय."

छबूबाईचं घुमणं थांबलं. तिनं डोळे उघडले, समोरच्या हाताकडे पाहिलं. ज्या मनगटाला तिनं तेव्हा धरलं होतं तेच ते. साऱ्या चाळीदेखत, घटासमोर, तिनं तोंड उघडलं. गूळ खाल्ला आणि दगडाबाईच्या मांडीवर डोकं टाकून ती हंबरडा फोडून रडायला लागली.

"गीळ, बाई, गीळ," दगडाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "बग, कायबी झालं न्हाई. आईचा कोप झाला न्हाई. एवढंच करायचं हुतं गं आपल्याला त्या दिशी."