खड्ड्याची नोट

मी एकदा पेटी धुतलेली आहे. कपड्यांची नाही, वाजवायची.

नवी नवरी होते. उद्या जयंती म्हणून पेडगावात आमच्या गल्लीभर चुना, निळ्या पताका, धुणं-सारवणं चाललेलं. सासऱ्यांची गायन पार्टी होती आणि त्यांची पेटी कोपऱ्यात काळवंडलेली दिसली. मी दहावी शिकलेली सून. स्वच्छतेचे धडे तोंडपाठ, अक्कल तेवढी माहेरी राहिलेली. पेटी हापशावर नेली, पावडर लावली, काथ्यानं घासली आणि माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) उन्हात उपडी घातली. संध्याकाळी सासरे वाजवायला बसले, तर पट्ट्या भज्यांसारख्या फुगलेल्या, भात्याचा डिंक सुटलेला, आणि आतून रेडकू हंबरावं तसा एकच सूर. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामा पेटीकडं बघत एवढंच म्हणाले, "निदान पिळून तरी वाळू घालायची." मग माझ्याकडं वळले. "उद्या पेटीच्या जागी तूच गायची."

त्या गाण्याचं काय झालं ते पुढं येईलच. वाद्यांच्या बाबतीत माझी अशी ख्याती असताना, यंदाच्या थंडीत मला हैदराबादेत पियानो ऐकायचं आमंत्रण आलं.

आमंत्रण नातीचं. संघमित्रा, आमची मितू, तिथं नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी एका बाईंकडं पियानो शिकते. त्या बाई वर्षातून एकदा आपल्या घरच्या दिवाणखान्यात शिष्यांना वाजवायला बसवतात. ऐकणारे मोजके. मागच्या वर्षी मितू मध्येच विसरली आणि उठून स्वयंपाकघरात पळाली होती. फोनवर म्हणाली, "आजी, यावेळी पण पळाले तर पियानो बंद. कायमचा. तू ये. मम्मी-पप्पा नको, ते परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखं तोंड करतात."

"आणि माझं तोंड?"

"तुझं बघून हसू येतं."

निघाले. पेडगावहून परभणी, परभणीहून रेल्वे. पिशवीत ज्वारीची धपाटी, शेंगदाण्याची चटणी, आणि मितूसाठी हुरड्याची पुरचुंडी. गंगाखेडला गोदावरीचा पूल आला तसं अर्ध्या डब्यानं पाण्यात नाणी टाकली, उरलेल्या अर्ध्यानं त्यांच्याकडं बघत तोंड वाकडं केलं. मी दोन्हीकडं बघत धपाटं खाल्लं. परळीपर्यंत काळं रान, तुरीचे वाळले खुंट, कापसाच्या उघड्या बोंडांत अडकलेली शेवटची वेचणी. समोर उदगीरला जाणारी एक बाई बसलेली.

"दवाखान्यात चाललाव का?" तिनं विचारलं. आमच्याकडून हैदराबादला जाणारा माणूस आजारीच असतो, असा मराठवाड्याचा ठाम समज आहे.

"न्हाई ओ. बाजा ऐकायला चाललेय."

"मंजी डोळ्याचं काय न्हाई? गुडघ्याचं?"

"गुडघे दुखायलेत, पण त्यांना सोबत न्यायलेय फक्त."

"एवढ्या लांब बाजा ऐकायला? गावात लाऊडस्पीकर न्हाई व्हय?"

तिला वाईट वाटू नये म्हणून मी धपाटं दिलं. तिनं ते खाल्लं, आणि उतरताना "लवकर बऱ्या व्हा" म्हणून गेली.

बिदरच्या पुढं माती लाल झाली. शेतंच वेगळी दिसायला लागली. जणू कुणी आपल्या काळ्या रानाला हळद-कुंकू फासलंय. सिकंदराबादला मितू न्यायला आलेली. दुसऱ्या दिवशी तिनं मला इराणी चहा पाजला. चहात उस्मानिया बिस्किट (थोडं गोड, थोडं खारट) बुडवलं आणि गप्पांच्या नादात ते तळाशी गेलं. मी चमचा मागितला. वेटर म्हणाला, "अम्मा, बिस्किट डूबा तो डूबा, उसके पीछे नक्को जाव." हैदराबादचं सगळं तत्त्वज्ञान मला तिथंच कळलं.

रिक्षात मितूनं नियम सांगितले. "मी हात मांडीवर ठेवेपर्यंत टाळी नाही. 'वा' नाही. पिशवी वाजवायची नाही. आणि आजी, नोट घेऊन उठायचं नाही."

हे शेवटचं बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्याकडं गायन पार्टी रंगात आली की ऐकणारा उठतो, गाणाऱ्याच्या हातात नोट ठेवतो, आणि गाणं थांबवून माईकवर त्याचं नाव घेतलं जातं: 'अमक्या अमक्यांकडून बक्षीस, पार्टी आभारी आहे.' मितूनं हे लहानपणी पेडगावात पाहिलेलं.

"बरं," मी म्हणाले. "धुवायचा पण नाही ना?"

"आजी!"

मारेडपल्लीतलं ते घर जुनं, बैठं, दारात बोगनवेल. बाईंचं नाव नसीम. पांढरे कापलेले केस, इस्त्रीची सुती साडी, माझ्याच वयाच्या. पियानो खोलीच्या मध्यावर काळा कुळकुळीत, झाकण काठीनं टेकवून वर केलेलं. मी वाकून आत पाहिलं. तारांचं एवढं रान! आमची पेटी त्याच्यापुढं डबा. माईक कुठंच नाही. सगळे चपला काढून, खुर्च्यांवर हात बांधून बसलेले. एका बाईनं खोकला आला तर माफी मागितली.

आधी दोघा शिष्यांनी वाजवलं. मग मितू बसली. मला तिच्या पाठीकडूनच कळलं की पोर घाबरलेली आहे. खांदे कानांना टेकलेले. पण सुरू झाली आणि मी पिशवी विसरले. डावा हात एसटीसारखा एका चालीनं पळत होता, आणि उजवा त्या एसटीच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या पोरीसारखा. काही दिसलं की आनंदानं वर उसळायचा. माईकशिवाय एवढा आवाज, आणि पुन्हा एवढा हळू, की बाहेरचं पाखरू मध्ये बोललं तर राग यावा.

आणि थांबलं.

एसटी बंद पडली. मितूचे हात पट्ट्यांच्या वर तसेच. सगळ्यांनी आपापल्या पायांकडं पाहायला सुरुवात केली. मितूनं मान वळवली, स्वयंपाकघराच्या दाराकडं.

त्या क्षणी मी पुन्हा पेडगावच्या मांडवात उभी होते. पेटी नाही, नुसती ढोलकी, आणि दुसरं कडवं साफ गेलेलं. मी पळायच्या बेतात, तेवढ्यात मामा उठले. सावकाश चालत आले, खिसा चाचपला, नोट काढली, आणि बक्षीस देणारा म्हणून आपलंच नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं घोळवून-घोळवून सांगत राहिले. ते जिल्ह्यावर पोचेपर्यंत माझं कडवं परत आलं होतं. घरी आल्यावर म्हणाले, "नोट दे इकडं. ती गाण्याला नव्हती, गाण्यातल्या खड्ड्याला होती."

मी उठले. गुडघे कडाकडा वाजले. त्या शांततेत ते फटाक्यांसारखे ऐकू आले. सावकाश चालत गेले. बटवा शोधला, सापडलेला असूनही पुन्हा शोधला. दहाची नोट काढून पियानोवर ठेवली आणि पुढं शाळेत बाई झाल्यावर ज्या आवाजात हजेरी घ्यायचे, त्या आवाजात म्हणाले, "कुमारी संघमित्रा हिचं वादन ऐकून खूश होऊन, तिच्या आजीकडून, मुक्काम पेडगाव, तालुका परभणी, जिल्हा परभणी, राज्य महाराष्ट्र, दहा रुपयांचं बक्षीस. पार्टी आभारी आहे."

मितू आधी लाल झाली. मग तिला हसू फुटलं, नाकातून, लहानपणी फुटायचं तसं. मागून नसीमबाई मोठ्यांदा हसल्या, त्यांच्यामागे सगळी खोली. मितूचे खांदे कानांवरून खाली आले.

"आजी, बस आता," ती पुटपुटली. "आलं."

खड्ड्याच्या थोडं अलीकडून तिनं गाडी धरली, आणि या वेळी तो कुठं होता ते मलाही कळलं नाही. शेवटी हात मांडीवर ठेवले. पहिली टाळी माझी, नियमाप्रमाणे.

चहाच्या वेळी नसीमबाईंनी मला शेजारी बसवून नोटेचा अर्थ विचारला. माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत मी पेटी धुतल्यापासून सगळं सांगितलं. पिशवीतला हुरडा पुढं केला. त्यांनी मूठभर खाल्ला आणि उरलेला सरळ आपल्या पर्समध्ये टाकला. मितूचा वाटा गेला. नोट मात्र मितूनं परत दिली नाही. पियानोच्या पुस्तकात खुणेला ठेवणार म्हणाली.

परतीच्या गाडीत लाल माती मागे पडून काळी आली तसं वाटलं, त्या दहावी शिकलेल्या अडाणी नव्या नवरीला मी आयुष्यभर हसत आले. पण तिनं पेटी धुतली नसती तर ती गाण्याला उभी राहिली नसती, कडवं विसरली नसती, आणि मितूच्या वेळी मी इतरांसारखीच पायांकडं बघत बसले असते. मूर्खपणाही जपून ठेवावा. कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही.

गंगाखेड सुटलं आणि मितूचा फोन आला. "आजी, मॅडमना तुझ्याशी बोलायचंय." फोन त्यांच्या हातात गेला, आणि नसीमबाई म्हणाल्या:

"दादीअम्मा, अगले महीने मैं खुद बजाने वाली हूँ. लंबी चीज है, चार खड्डे हैं. दस-दस की नोटां ले को आना!"