काळ्या वावरातला वारा

अकोल्याला गाडीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊही वाजले नव्हते, पण फलाटाची फरशी चपलेतून पायाला ऊब देत होती. मी साळगावकर, वेंगुर्ल्याचा. आमच्याकडे दुपारी किनाऱ्याची वाळू तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरून गार वारा येतो. हवामान निरीक्षकाच्या नोकरीत मी आयुष्यभर तोच वारा मोजला. इथे तर समुद्रच नाही. मग मे महिन्यात इथली हवा जाते तरी कुठे?

हे पाहायला ये, असं देविदास गवई मला कित्येक वर्षं सांगत होता. तरुणपणी आम्ही पुण्यात एका खोलीत राहून हे काम शिकलो. पुढे तो वऱ्हाडात गेला, मी कोकणात. भेटी थांबल्या, पण दर रविवारी फोनवर तो त्याचं आभाळ सांगायचा आणि मी माझं. यंदा तो एवढंच म्हणाला, "या वर्षी येच गड्या."

दर्यापूरच्या जीपमध्ये शेजारी भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन एक बाई बसल्या होत्या.

"कुठं जाऊन राहिले भाऊ?"

"मित्राकडे. इथला वारा बघायला."

"वारा पायाले आले?" त्या खळखळून हसल्या. "कावून, तुमच्याकडे नसते काय?"

बाहेर नांगरून टाकलेली काळी वावरं (शेतं) दूरपर्यंत पसरली होती. त्यांच्यावरची हवा थरथरत होती. लांबच्या बाभळींचे बुंधे त्या थरथरीत विरघळले होते आणि नुसते शेंडे अधांतरी तरंगत होते. मी त्या शेंड्यांकडे इतका टक लावून राहिलो की चुकून एक थांबा आधीच उतरलो. मग डोक्यावर पंचा टाकून मैलभर चाललो. वाटेत माणूस नाही, पाखरू नाही. आपण चालतोय की रस्ताच सरकतोय, असं वाटू लागलं.

दारात देविदास उभा होता. मी "आलो रे" म्हणताच त्याने हसून हात पुढे केला, पण माझ्या उजवीकडे, रिकाम्या हवेत. मी एक पाऊल सरकून तो हात धरला. तेवढ्यावरून मला सगळं कळलं.

"काचबिंदू," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. आता काईच दिसत नाई."

"आणि रविवारी सांगायचास ते ढग?"

"पुष्पा सांगे. थोडं मी मनानं जोडो."

मला राग आला. माझ्या वहीत ती आभाळं मी तारखेनिशी उतरवली होती. पुष्पावहिनींनी पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा) आणि भाकरी वाढली. मी खाली मान घालून जेवलो. ती भाजी इतकी तिखट होती की डोळे पुसायला कारण मिळालं.

जेवण झाल्यावर वहिनी आत गेल्या तसा तो कुजबुजला, "वावरात चाल. मले वावटळीत उभं राहाचं हाये. पुष्पा नेत नाई. म्हणून तर तुले बलावलं."

"मी ऐकून राहिली," आतून आवाज आला. "मागच्या साली एकटे गेले अन् धुऱ्यावर (बांधावर) पडले. तवापासून मी नेत नाई."

"आज साळगावकर हाये ना!"

वहिनींनी बाहेर येऊन त्याचा हात माझ्या हातात दिला. "हात सोडू नका, भाऊजी."

त्यांच्या मळ्यात वांग्याला सकाळीच पाणी दिलं होतं. तिथे ओल होती, सावली होती. धुऱ्यापलीकडे नांगरलेलं काळं वावर कढईसारखं तापलं होतं. देविदासने चप्पल काढून मातीला तळवा टेकवला आणि लगेच उचलला. मग मळ्याकडे पाठ करून उभा राहिला.

"मानेवर पाय (पाहा). गार लागून राहिलं ना? वांग्यातली हवा तिकडे चालली. काळ्या मातीवरची वर चालली, तिची जागा भराले."

खरंच, झुळूक मानेवरून पुढे जात होती. आम्ही वावरात शिरलो. बराच वेळ काही झालं नाही. सगळीकडे एक झोपाळू शांतता होती, आणि मला वाटलं, आम्ही पुण्याच्या त्या खोलीतच आहोत आणि मला हे स्वप्न पडतंय.

"आला," तो म्हणाला.

मला काहीच दिसलं नाही. मग दहा पावलांवर पऱ्हाटीची (कपाशीची) वाळकी पानं उठून गोल फिरू लागली. धुळीचा एक खांब उभा राहिला, उंच होत गेला आणि डुलत आमच्याकडे आला. मी मागे सरलो. देविदासने मला पुढे ओढलं. माझा पंचा वर उडाला. कानांत घोंघाट, दातांत माती. मी डोळे गच्च मिटले. त्या क्षणी आम्ही दोघेही सारखेच होतो. तो मोठ्याने हसत होता, मी त्याचा हात दोन्ही हातांनी धरला होता.

वावटळ निघून गेली. त्याच्या भुवयांवर काळी धूळ बसली होती. "केवढा उंच गेला?" त्याने विचारलं. मी सांगितलं. माझा राग कुठे गेला, कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या.

"एक सांगू? मी कई कई थकली असली का कालचेच ढग आज सांगो. त्याईले सांगू नका."

"नाही सांगणार."

"मले तर ढगाईचे नावंबी येत नव्हते. त्याईच्यासाठी शिकली. मळ्यात इतके वर्सं वाकून काम केलं, पण मान वर करून आभाळ पायलं ते आत्ता."

परतीच्या गाडीत मी वही उघडली. कुठलं आभाळ खरं, कुठलं कालचं, कुठलं त्याने जोडलेलं, कळायला मार्ग नव्हता. एकही नोंद खोडावीशी वाटली नाही. मी एवढी वर्षं हवा मोजली, पण ती कुणाला सांगण्यासाठी कधी पाहिली नव्हती.

घरी पोचलो. बायको परसात होती. मी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "आज आभाळात काय आहे, सांग बघू."

तिने आधी माझ्याकडे नवलाने पाहिलं. मग पदराला हात पुसले, माडांच्या वर बराच वेळ बघितलं आणि हळूहळू सांगू लागली. मी डोळे मिटून ऐकत राहिलो.