विंगेतलं स्टूल

तिसरी घंटा झाली. प्रेक्षागृहातले दिवे विझले. मखमली पडदा कुरकुरत वर चालला आहे. पण मंडळी, आपण रंगमंचाकडे नको, डाव्या विंगेत पाहू. तिथं एक उंच लाकडी स्टूल आहे. त्यावर खाकी कपड्यातला, पन्नाशी ओलांडलेला माणूस बसला आहे. मांडीवर वही, हातात पेन्सिलीएवढी बॅटरी. हा वाल्मीक. दिवसा नाशिकच्या एका कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणारा, आणि चौदा वर्षं त्याच कॉलेजच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर. नट अडला की विंगेतून शब्द पुरवायचा, एवढंच काम. पण ते त्यानं एखाद्या व्रतासारखं केलं.

सत्त्याण्णवचा जानेवारी होता. मंडळाचं त्या हंगामातलं हे तिसरं नाटक. ऑगस्टात फार्स झाला, दिवाळीनंतर दोन अंकी झालं, आता स्पर्धेची एकांकिका. तिन्हींत नायिका एकच, मखमलाबादच्या फुलमळ्यातली मंजुषा. तिला घडवली वाल्मीकनंच. नळ्या धुता धुता तो तिचे संवाद म्हणून घ्यायचा.

"काका, पूर्ण वाक्य द्या ना!" ती वैतागायची.

"नाय देणार. दोनच शब्द. अख्खं वाक्य दिलं का नट पांगळा होतो. आन् मागितल्याबिगर तर एकबी नाय देणार. उगा थांबलीस का अडलीस, मला काय कळावं?"

म्हणून दोघांनी खूण ठरवली. अडलं की मंजुषानं पदर कमरेला खोचायचा. प्रेक्षकांना वाटावं, बाई कामाला लागली. वाल्मीकला कळावं, पोरगी बुडते आहे. पहिल्या दोन नाटकांत तिनं पाचदा पदर खोचला आणि पाचही वेळा तरली.

स्पर्धेत मात्र नियम होता. प्रॉम्प्टिंग ऐकू आलं की गुण कापायचे. नाटक बसवणाऱ्या सरांनी वाल्मीकला बजावलं होतं, "बसा, पण तोंड उघडू नका."

प्रयोग रंगला. शेवटच्या प्रवेशात मंजुषा नाटकातल्या नवऱ्यासमोर उभी राहिली, आणि डोकं धुतल्या पाटीसारखं कोरं! एक क्षण गेला, दुसरा गेला. तिचा हात पदराकडे गेला. पदर खोचला गेला.

वाल्मीकनं बॅटरी विझवली. सरांचा शब्द एकीकडे, खूण दुसरीकडे. त्यानं दोन शब्द दिले. त्या शांततेत ते तिसऱ्या रांगेत परीक्षकांपर्यंत पोचले.

करंडक गेला. रंगपटात सर कडाडले, "वाल्मीक, कुणी सांगितलं होतं बोलायला?"

त्यानं एकदाच मंजुषाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर रंग होता. आत काय होतं ते कुणाला दिसलं नाही. ती म्हणाली, "मी अडले नव्हते सर. तो पॉज होता."

झालं! त्या एका वाक्यानं ती मोठी नटी ठरली आणि तो अडाणी. वाल्मीक खाली मान घालून म्हणाला, "माझीच चूक. सवय वाईट." दुसऱ्या दिवशी स्टूल प्रयोगशाळेत परत गेलं ते कायमचं. पोरं नळ्या मागायला आली की डोळे मिचकावत, "काका, देताय की पॉज घेताय?" तोही हसायचा. मंजुषा त्या दारावरून जाईनाशी झाली. लायब्ररीला वळसा घालून जायची.

मग ती निफाडला शिक्षिका झाली. शाळेच्या गॅदरिंगला पोरींची नाटकं बसवू लागली. कुणी पोरगी अडली आणि विंगेकडे पाहू लागली, की बाईंचीच मान खाली जायची. नऊ वर्षं अशी गेली. अखेर एका रविवारी एसटीत बसून ती निवृत्त झालेल्या वाल्मीकच्या चांदवडजवळच्या गावी गेली. वाटभर माफीची वाक्यं पाठ करत होती. अगदी तालमीसारखी.

वाल्मीक कांद्याच्या चाळीच्या सावलीत बसला होता. वाळला होता, पण ओळखलं लगेच.

"सुले, चहा टाक! आपली हिरोईन आली!"

त्याची बायको सुलाबाई आतूनच म्हणाली, "हिच्यापायी मला निम्मं नाटक पाठ झालं. झोपेतबी बडबडायचे हे."

तो खळखळून हसला. त्यानं शाळेचं विचारलं, फुलमळ्याचं विचारलं. 'त्या' दिवसाचं एक अक्षर काढलं नाही. चहा आला, पिऊन झाला. परतीच्या एसटीची वेळ झाली. मंजुषा उठली. आता नाही तर कधीच नाही. तिनं तोंड उघडलं आणि वाटभर घोकलेलं सगळं पुसलं गेलं. नजर मातीत.

वाल्मीक तिच्याकडे पाहत राहिला. घाई नाही, कीव नाही. नुसता थांबला.

मंजुषाचा हात आपसूक उठला. पदर कमरेला खोचला गेला.

तेव्हा तो पुढं वाकला. आवाज खाली आला, जेमतेम तिला ऐकू जाईल एवढा, तोच तो विंगेतला.

"'पॉज नव्हता...' घे पोरी, पुढं."