चार वाजल्यानंतरचं पाणी

मारेगाव रस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमाचं नाव मी सांगत नाही. नावात देव आहे, त्याची कशाला बदनामी! हंसाबाईंचं नाव मात्र मुद्दाम सांगतो. घाटंजी तालुक्यात एकतीस वर्षं नर्स म्हणून उपकेंद्रं सांभाळली, पावसाळ्यात नाले ओलांडून बाळंतपणं केली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या तपासणी समितीवर महिला सदस्य म्हणून आल्या. मी त्या समितीचा लिपिक. बेचाळीस प्रश्नांचा छापील नमुना, पुढे होय-नाहीचे चौकोन, आणि चौकोनात खूण करणारा हा हात माझा. म्हणजे पापात मीही आहे.

मागच्या वर्षी आम्ही तिथं गेलो तेव्हा आधी शिरा आला, मग उपमा, मग शाल-श्रीफळ. संचालक विठ्ठलराव जातीनं वाढत होते. जेवणं झाल्यावर म्हाताऱ्यांना सभागृहात ओळीनं बसवलं आणि समितीच्या प्रमुख साहेबांनी विचारलं, "काही तक्रार?" सगळे एका सुरात म्हणाले, "लय चांगलं हाये." न म्हणून करतात काय? आमच्याकडचं म्हातारं माणूस ज्याचं मीठ खाल्लं त्याचं पाहुण्यासमोर वाईट बोलत नाही. उपाशी असलं तरी ढेकर देईल. हे हंसाबाईंना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांनीही शिरा खाल्ला होता. अ श्रेणी दिली आणि सही केली.

त्या सहीवर कौसल्या तिथं गेली.

कौसल्या म्हणजे गावची दाई. हंसाबाईंच्या जोडीनं तिनं वीस वर्षं बाळंतपणं केली. मुलगा सुरतेला, सून नोकरीवर, घरात पाहणारं कुणी नाही. मुलानं हंसाबाईंना विचारलं, आईला कुठं ठेवू? त्या म्हणाल्या, "तिथं ठेव. मी स्वतः तपासलं आहे."

तिथं गेल्यावर आठव्या महिन्यात कौसल्या तापानं फणफणून दवाखान्यात आली. लघवीत जंतू झाले होते. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडलंय. विठ्ठलराव म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला तहानच लागत नाही हो. हंसाबाईंनी कौसल्याच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. "पाणी देतात का गं?" "देते ना. बरं हाये." एवढंच बोलून कौसल्यानं भिंतीकडे तोंड केलं.

यंदाच्या तपासणीला हंसाबाई जीपमधून उतरल्या त्या ठरवूनच. चहा आला, घेतला नाही. नाश्ता आला, ताट सरकवलं. विठ्ठलरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आमच्या घरचं चालत नाही का बाई तुम्हाले?"

"मागच्या वर्षी शिरा खाल्ला होता ना, तो अजून पचला नाही."

साहेबांनी घसा खाकरला. हंसाबाई सरळ बायकांच्या खोलीत गेल्या. विठ्ठलराव मागोमाग निघाले, तर त्यांना बाहेर ठेवून दार लोटलं. मला आत घेतलं, कागद-पेन हातात आणि तोंड बंद, या अटीवर. अकरा खाटा होत्या. हंसाबाई दवाखान्यातून परत आलेल्या कौसल्याच्या खाटेवर पाय वर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तपासणी-बिपासणी राहू द्या. एक बाई इथं राहायला यायची आहे. नवखी आहे बिचारी. तिले काय काय सांगू?"

आणि मी पाहतच राहिलो. तक्रार विचारली की ज्यांची दातखीळ बसायची, त्या बाया नव्या सुनेला घर दाखवावं तशा बोलू लागल्या.

"चार वाजाच्या आंधी पानी पेऊन घे म्हना तिले. मंग त्या पान्याच्या मशीनच्या खोलीले कुलूप लागते."

"काहून?"

"रातच्यानं चादरी ओल्या होते ना बाई. धुनार कोन?"

"बाटली उशीखाली नोको ठेवू म्हना, तपासते. लुगड्याच्या घडीत ठेवजो."

"वरन दुसऱ्यांदा मांगू नये. घंटी वाजवू नये. वाजोली तं दुसऱ्या दिशी आंघोळीले शेवटचा नंबर, थंड्या पान्यानं."

"पोराचा फोन आला तं हासून बोल म्हना. ते लोक बाजूलेच उभे राह्यते."

शेवटी कौसल्या म्हणाली, "अन् साहेब लोक आले तं म्हन, लय चांगलं हाये."

एकही बाई गाऱ्हाणं सांगत नव्हती हो! येणारीचं बरं व्हावं म्हणून आपल्या अनुभवातले चार शब्द देत होत्या. मी भराभर लिहून घेत होतो. नमुन्यातला सतरावा प्रश्न होता, पिण्याच्या शुद्ध पाण्याची सोय आहे का? मागच्या वर्षी त्यापुढे मीच होयची खूण केली होती. मशीन होतं ना भिंतीवर, चकचकीत!

बाहेर येऊन हंसाबाईंनी माझा कागद साहेबांपुढे आपटला. साहेब वाचून म्हणाले, "पण हा जबाब नाही, हा तर नुसता सल्ला आहे. नमुन्यात कुठं बसवायचा?"

"तुमच्या डोक्यात बसवा."

विठ्ठलराव मध्ये पडले. "मॅडम, कामाले बाया भेटत नाही. रोजच्या दहा-दहा चादरी कोनं धुवाच्या?"

"म्हणून माणूस वाळवता?" हंसाबाई ओरडल्या. "चादर ओली होते तर चादर बदला! दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला! मी अडाणी आयाबायांना शिकवलं, लेकराला हगवण लागली तरी पाणी तोडू नका. त्यांना कळलं. तुम्हाला कळत नाही?"

सही करायला त्यांनी साफ नकार दिला. शेवटी साहेबांनी नोटीस काढायचं कबूल केलं, खुलाशाला पंधरा दिवसांची मुदत. मला वाटलं, जिंकलो. साडेतीनला आम्ही जीपपाशी आलो.

तेवढ्यात भिंत धरत धरत कौसल्या आली. मला वाटलं, आभार मानायला आली. तिचं तोंड रागानं लाल झालं होतं.

"हे काय केलं बाई तू? तू आता गाडीत बसशीन अन् भुर्रकन जाशीन. चार वाजता आमी अठीच हावो ना! कोन बोललं, कोन बोललं म्हनून आमाले धरन थो विठ्ठलराव. पंधरा दिवस कोन पाह्यते आमच्याकडे? तू?"

हंसाबाईंचा एक पाय जीपच्या पायरीवर होता. त्या तशाच थांबल्या. साहेब आतून म्हणाले, "चला बाई, उशीर होतोय." त्यांनी पाय खाली घेतला, सीटवरची पिशवी ओढून काढली.

"समिती सदस्याला इथं मुक्काम करता येत नाही," साहेब म्हणाले.

"मग काढून टाका समितीवरून." त्या विठ्ठलरावांकडे वळल्या. "वय एकोणसत्तर आहे. प्रवेशाचा अर्ज आणा. बायकांच्या खोलीत बारावी खाट टाका."

विठ्ठलराव साहेबांकडे पाहू लागले. साहेबांनी जीपची काच वर केली. अर्ज मीच भरला. इतक्या वर्षांत तेवढा एकच कागद मी मनापासून भरला असेन.

पुढचं मला त्यांनी फोनवर सांगितलं. चार वाजता किल्ली घेऊन कामाची बाई आली तेव्हा हंसाबाई मशीनच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होत्या. उठल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी सगळ्याजणी पोटभर पाणी प्यायल्या. हाक आली की हंसाबाई उठत होत्या, हात धरून मोरीपर्यंत नेऊन आणत होत्या.

सकाळी त्यांनी ओल्या निघालेल्या चादरी गोळा केल्या आणि स्वतः धुवून तारेवर टाकल्या. दहा नव्हत्या. दोन होत्या.

दोन चादरींसाठी अकरा बायांना वर्षभर तहानलेलं ठेवलं होतं. आणि आम्ही त्याला अ श्रेणी दिली होती.