मूळ कलावंताची चाळीस गाणी

माणसाचं सगळं गेलं तरी गाणं शेवटपर्यंत सोबत राहतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मला वाटलं आता फी घेणार नाहीत. घेतली. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, डोक्यातून गोष्टी निसटायला लागल्या होत्या. त्याला आवडीची जुनी गाणी ऐकवा, असा सल्ला मिळाला.

दादाची आवड जरा अडचणीची होती. वणीच्या कोळसा खाणीत तो मेकॅनिक असताना एक परदेशी इंजिनिअर यंत्र बसवायला आला आणि जाताना कॅसेट विसरून गेला. अमेरिकेतला एक जुना कंट्री गायक: गिटार, लांबचा रस्ता, सोडून गेलेली बायको. फीत तुटेपर्यंत ती वर्कशॉपमध्ये वाजली. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे कुणी दुःखी झालं नाही.

मी त्याच गायकाचा संग्रह ऑनलाइन मागवला. ‘मूळ कलावंताची चाळीस अजरामर गाणी’, दोन सीडी, एका थाळीपेक्षा स्वस्त. अजरामर गोष्टींचे भाव इतके उतरलेत, याची मला कल्पना नव्हती.

सीडी घेऊन दादाच्या घरी गेलो, तेव्हा तो एका जागी बसत नव्हता. खुर्ची, फाटक, मोरी, पुन्हा खुर्ची. वहिनी स्वयंपाकघरातून मला हळूच म्हणाल्या, “भाऊजी, हे गाणं बी नाही ओळखलं त पोराले हो म्हणून देतो. घराले कुलूप लावतो अन् जातो नागपूरले.” मुलगा दोघांना कायमचं नागपूरला बोलावत होता. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. मागच्या खेपेला दादा तिथं दिवसभर लिफ्टपाशी उभा होता, घरी जायला.

बुद्धवंदनेसाठी घेतलेल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये सीडी घातली. दादा कान देऊन उभा राहिला. मग मान हलवली.

“हा थो नोहे.”

“अहो, कव्हरवरचा फोटो त पाहा,” वहिनी म्हणाल्या. “थोच हाये.”

“फोटोचं काय सांगतं? हा बुढा हाये. थो जवान होता.”

“तुमी बी जवान होते.”

“माह्यं सोड. हा मधातच दम घेऊन राह्यला.”

तो फाटकाकडे गेला. वहिनींनी सीडी बंद केली आणि मुलाचा नंबर लावायला फोन घेतला. मला मात्र तो दम खटकला. खरंच ऐकू आला होता. मी म्हटलं, “थांबा जरा,” आणि मोबाइलवर तेच गाणं शोधलं. दोन निघाली. एक तरुणपणचं. दुसरं त्याच गायकानं म्हातारपणी दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायलेलं. आमच्या सीडीत हे दुसरं होतं. स्वस्त संग्रहांत असंच असतं म्हणे. मूळ कलावंत, पण उरलेला.

मी पहिलं लावलं. दादा फाटकातून परत आला, खुर्चीत बसला आणि बसूनच राहिला.

“हा थो,” म्हणाला, आणि त्याच चालीवर वर्कशॉपवाल्यांनी रचलेले शब्द म्हणायला लागला. ते फोरमनच्या बायकोबद्दल होते. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मग मुलाला फोन केला: “आमी नाही येत. काहून म्हणजे? हे गाऊन राह्यले.”

गाणं संपलं तेव्हा मोबाइलवर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. दादानं तीही डोळे मिटून, शेवटपर्यंत ऐकली.