डेअरीवर भरलेले फॉर्म

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही धड सांगता येणार नाही.

श्रीगोंदा तालुक्यातलं आमचं गाव. घरातला पहिला पदवीधर मी, तोही संख्याशास्त्राचा. वडिलांना ते नाव शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही, पण सांगायचे मात्र सगळ्यांना. मला त्याचा अभिमान होता. आजही आहे. तो लपवला तर पुढचं कळणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

नगरच्या एका संस्थेत नोकरी लागली. काम असं — चुलीच्या धुराचा बायकांच्या फुप्फुसांवर काय परिणाम होतो, ते गावोगावची माहिती गोळा करून आकड्यांनी तपासायचं. आमचं गाव मी मागून घेतलं. फॉर्मवर वरच छापलं होतं: प्रश्न त्या बाईलाच विचारावेत, चुलीजवळ बसून. स्वयंपाक कशावर करता? खोकला किती दिवस आहे? चालताना दम लागतो का?

आता मी — गावातला शिकलेला माणूस — घरोघरी चुलीपाशी उकिडवा बसून बायकांच्या खोकल्याची चौकशी करणार? बरोबरीची पोरं काय म्हणतील? आळस नव्हता तो. आळस असता तर सांगायला सोपं गेलं असतं.

सकाळी डेअरीवर सगळं गाव येतं, दुधाच्या किटल्या घेऊन. सगळं म्हणजे पुरुष. तिथंच दोन सकाळींत मी गाव उरकलं.

माझे चुलते, तात्या, रांगेत पुढेच होते. विचारलं, काकू स्वयंपाक कशावर करते?

“गॅस हाय की! लिव्ह गॅस.”

“आणि खोकला?”

“तिला? दिवसभर तोंड चालतंय तिचं, खोकायला येळ कुठंय!”

सगळी रांग हसली. मागून कोणीतरी ओरडलं, “सायेब, आमच्या हिचं बी त्येच लिव्हा.” मीही हसलो. आणि लिहिलं.

मला ठाऊक नव्हतं का? तात्यांच्या घरातला गॅस पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी, आंघोळीचं पाणी, सगळं चुलीवर — उसाचं पाचट नाहीतर तुऱ्हाट्या जाळून. त्या चुलीवरच्या भाकरी बांधून मी कॉलेजला जायचो. एक भाकरी थापून होईपर्यंत काकू तीनदा खोकायची. हे मी आदल्या दुपारीच तिथं जेवताना ऐकलं होतं.

माहिती संगणकावर चढवली. इतर गावांत आलेखाची रेघ चढत गेली — जिथं धूर जास्त, तिथं दम लागण्याची तक्रार जास्त. आमच्या गावाची रेघ आडवी. संस्थेतल्या सरांनी विचारलं, “तुमच्याकडेच असं का?” फॉर्म पुन्हा भरायला आठवडा पुरला असता. मी म्हणालो, “सर, आमच्याकडे घरोघर गॅस आलाय.”

डेअरीवर मी दुसऱ्यांचं खोटं लिहून घेतलं होतं. हे माझं स्वतःचं.

रेघ चढलेल्या गावांत तपासणीची गाडी गेली, डॉक्टर गेले, बिनधुराच्या चुली गेल्या. आमचं गाव यादीतून वगळलं. आलेख सुबक काढल्याबद्दल सरांनी माझी पाठ थोपटली.

तीन वर्षांनी काकूला नगरला दवाखान्यात नेलं, मीच. डॉक्टरांनी विचारलं, “बिडी ओढता का, आजी?” ती तोंडाला पदर लावून हसली आणि हसता हसताच तिला धाप लागली. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, “आधी आणायचं होतं.” काकूनं श्वास सावरला आणि माझ्याकडे बोट केलं.

“ह्यालाच इचारा, डाक्टर. लई शिकलाय आमचा पोरगा. साऱ्या गावाचा खोकला मोजलाय ह्यानं.”

मी तिची फाईल चाळत राहिलो.

आता ती ओट्यावर बसून असते, हातात औषधाचा पंप. चूल सून पेटवते.

तो फॉर्म अजून माझ्याकडे आहे. ‘गॅस. खोकला नाही.’ अक्षर माझं आहे, सुवाच्य आहे. खाली उत्तर देणाऱ्या बाईच्या सहीची जागा आहे, आणि तिथं काकूचं पूर्ण नाव आहे.

काकूला लिहिता येत नाही.